चिंधी बांधलेला मका

माय, तुझा पांढरा मका यंदा हातचा जायला आला होता. आधी हेच सांगते, बाकीचं मग. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी तुझे हात आठवावे लागतात, आणि हात आठवले की ते मक्याच्या झाडाला चिंधी बांधतानाच दिसतात. तुला वाचता येत नव्हतं, आणि मीही लिहायला शिकले ती पोरांच्या पुस्तकांवरून. तेव्हा आपलं आपल्यात चालून जाईल.

मानोऱ्याकडचं आपलं घर, त्यामागची वाडी, आणि पोळ्याच्या आगेमागे डोक्यावर गेलेला मका. तू झाडाझाडांतून हिंडतेस. एकेका झाडाला अशी न्याहाळतेस, जशी एखादी बाई लेकासाठी मुलगी पाहायला आली आहे. वाऱ्यात न पडलेलं, भुट्ट्यावर पानं घट्ट आवळून बसलेलं, वाडीच्या मधोमध उभं असलेलं झाड मनास आलं, की कमरेची चिंधी काढून त्याच्या धांड्याला गाठ मारतेस. तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या त्या चिंध्या. चिंधीच्या झाडाचा भुट्टा कोणी तोडायचा नाही, तो बियाचा. बाकीची वाडी पोरांची, पोपटांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची.

एकदा मी तोच तोडला. भाजायला चुलीत घातला आणि तू आलीस. मला वाटलं, आता पाठ सोलते. पण तू खाली बसलीस, भुट्टा सगळीकडून नीट भाजलास, मीठ-तिखट चोळलंस आणि बापापासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांच्या हातावर मोजके दाणे ठेवलेस. "घ्या, पुढच्या सालची वाडी खाऊन घ्या," म्हणालीस. "बाई साहेबानं आजच वाढली." कोणाच्या घशाखाली उतरेना. बाप तेवढा हसत होता, तर त्याला म्हणालीस, "तुमी काहून हसून राह्यले? तुमच्यावरच गेली ते." अजूनही भुट्टा हातात घेतला की मी आधी धांड्याकडे पाहते.

लग्नानंतरची पहिली दिवाळी माहेरी करून मी सासरी निघाले, तेव्हा पिशवीत वर फराळ होता आणि खाली दोन वाळके भुट्टे, पानांची वेणी घालून एकमेकांना बांधलेले, चुलीवरच्या धुरानं काळवंडलेले. सोबत चिंध्यांची गुंडाळी. इकडे शेलूबाजारच्या बाजूला काळी भारी जमीन. सासूनं पिशवी उपसली आणि म्हणाली, "तुह्या मायनं लेकीसोबत आंदण धाडलं की कोंबड्याचा दाणा?" पण पुढच्या पोळ्याला तिनंच तीन भुट्टे खाल्ले, आणि चौथ्यासाठी वाडीत गेली तेव्हा चिंधी पाहून माघारी आली. तेव्हापासून हा मका इथे आहे. टोकाचे आणि बुडाचे दाणे कोंबड्यांना, मधले बियाला, तुझ्यासारखंच.

यंदा झालं असं. धाकट्या दिरानं आमच्या वाडीला लागून कंपनीचा पिवळा मका पेरायचा ठरवला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, दोघांचा तुरा एकाच वेळी आला त वारा माह्या मक्यात तुमचा कालवून टाकीन." तो म्हणाला, "वयनी, मी काय वाऱ्याले कुंपण घालू?" खोटं नव्हतं त्याचं. म्हणून मीच माझी पेरणी मागं ढकलली. पण पावसानं मध्येच दडी मारली, त्याचा मका उगवलाच नाही, आणि त्यानं पुन्हा पेरला तो नेमका माझ्यासोबत. दोन्हीकडे तुरे एकदमच डुलले. मी बांधावर उभी राहून वाऱ्याकडे पाहत होते, वेड्यासारखी.

तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, मायचा मका हाय काय तुह्यापाशी? रानडुकरानं माह्या साऱ्या वाडीचा लोळ केला. एक दाणा नाई राह्यला." म्हणजे तिकडे संपला होता. जो काही उरला तो माझ्या वाडीत, आणि तोही बाटला की काय, ते कळायचं होतं. मी त्याला म्हटलं, हाय, ये घ्याले. आणि फोन ठेवून बसले.

भुट्टे वाळल्यावर पानं सोलली. कडेच्या झाडांचे भुट्टे अर्धे पिवळे. मधल्यांवर पांढऱ्यात कुठे कुठे पिवळा दाणा. तू त्यांना पाहुणे म्हणायचीस. 'पाहुणा आला त जेवाले घाल, पण बियात बसवू नको.' मग मी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले आणि एकेक पाहुणा वेचून काढला. डोळे आता साथ देत नाहीत, सून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, पिवळा बी मकाच हाय ना, कायले एवढा जीव काढता?" मी ताटातले दाणे चाळत राहिले. थोड्या वेळानं तीच ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हा पाहा, एक सुटला होता तुमच्या नजरेतून."

दोघांना पुरेल एवढा पांढरा निघाला. भाऊ जीपनं आला, आता तोही वाकलाय. दाणे ओंजळीत घेऊन त्यानं वास घेतला, जसा तू घ्यायचीस. जाताना दारात थांबला. "ताई, लुगड्याची एखादी चिंधी असली त दे. तिच्याच चिंधीनं बांधू." मी म्हटलं, "संपल्या रे कवाच्या. बायकोच्या लुगड्याची बांध." तो हसला आणि गेला.

संपल्या नाहीत, माय. एक आहे. गेली काही वर्षं मी सुनेच्या जुन्या ओढणीच्या चिंध्या बांधते, कारण पावसात लुगड्याचा रंग उतरतो आणि तुझ्या चुलीच्या धुराचा वास जातो. ती एक मी पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली आहे. बी त्याला अर्धं दिलं. चिंधी नाही दिली.