दोनशे पावलं

प्रिय लंबू,

तुझं गुडघेदुखीचं पत्र मिळून महिना झाला. एकच गुडघा उरलाय आणि तोही कुरकुरतोय, हे वाचून मी हसलो. हिने विचारलं काय झालं, तर सांगता येईना. वहिनींना म्हणावं, शेक बंद करू नका. इकडे आमचं बरं आहे, असं लिहायची सवय म्हणून लिहितो. बरं काहीच नाही. रेडिओ दिवसभर ओरडत असतो. पुन्हा तीच सीमा, तेच शेजारी, तीच भाषणं, फक्त बोलणारे बदललेत. आपल्या हयातीतली ही चौथी लढाई. पहिलीत आपण दोघं मिसरूड फुटलेले शहाणे होतो, दुसरीच्या आधीच तू घरी बसलास, तिसरी आटपून मी निवृत्त झालो. आणि आता पोरगा गेलाय. तुझा एकुलता एक पाय धरून उभा राहायला शिकला, तोच. सुरुंग काढणाऱ्या तुकडीत आहे. बापाने पेरायचे आणि लेकाने उपसायचे, असला आमचा घरचा धंदा.

आपली कामाची रीत आठवते ना? एकाने विहिरीसारख्या खुणेपासून पहिल्या सुरुंगापर्यंत पावलं मोजत जायचं, दुसऱ्याने नकाशावर मांडायचं. कोपऱ्यात मोजणाऱ्याचं नाव, कारण ज्याचं त्याचं पाऊल वेगळं. तुझं तेहेतीस इंच, माझं सत्तावीस. सगळी पलटण आपल्याला उंट आणि शेळी म्हणायची. त्या पडक्या विहिरीपाशी तुला सणकून ताप भरला होता. तू झाडाखाली आडवा झालास. मी एकट्यानेच मोजलं, दोनशे पावलं, आणि साहेब तुझ्यावर उखडतील म्हणून कोपऱ्यात तुझं नाव घातलं. तू डोळेही न उघडता विचारलंस, आकडे माझ्या पावलात बदललेस ना रे? मी म्हटलं, हो. मग तू गाढ झोपलास.

लढाई संपली आणि तेच सुरुंग काढायला तू पुढे गेलास. नकाशातली दोनशे पावलं तुझ्या मापाने साडेपाचशे फूट. साडेचारशेलाच तो फुटला. सगळे म्हणाले, पुराच्या पाण्याने एखादा सरकला असेल. कागदावर तसंच चढलं, शेताला कुंपण पडलं, प्रकरण मिटलं. दवाखान्यात उलट तूच माझी समजूत घालत होतास, की अरे वेड्या, पावसाला तू काय करणार? मी मान हलवली. पुढे तू एकच बूट मागायला दुकानात गेलास तेव्हाही सोबत मीच होतो. तू म्हणालास, उरलेला याला दिला असता, पण याचा पाय म्हणजे बाहुलीचा. दुकानदार हसला, मीही हसलो. पलीकडच्यांसाठी पेरले होते आपण ते. पलीकडचा एकही माणूस त्यांच्यावर आला नाही. दोन गाई आणि तू.

लंबू, मी आकडे बदलले नव्हते. पावलं माझी, नाव तुझं. हिशेब करायचा कंटाळा आला, उन्हं उतरत होती, म्हटलं संध्याकाळी छावणीत करू. संध्याकाळी पुढे निघायचा हुकूम आला आणि ते राहून गेलं. तू जखमी झालास त्या दिवशीच मला उमगलं. तेव्हापासून दर वर्षी तुझ्याकडे येताना गाडीत ठरवायचो, या खेपेला सांगायचंच. मग वहिनी चहा ठेवायच्या, तू पत्ते काढायचास. बत्तीस वर्षं मी तुझ्या घरचा चहा प्यायलो रे.

काल पोराचं पत्र आलं. खुशीत आहे. लिहितो, बाबा, तुमच्या हातचा नकाशा मिळालाय, कोपऱ्यात काकांचं नाव आहे, सोमवारी सकाळी तेच शेत मोकळं करायचंय. नकाशा तुमचा म्हणून सगळे निर्धास्त आहेत. म्हणजे पहिले पाचशे फूट ते ताठ चालत जाणार. मी चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही, तसाच सैन्याच्या कचेरीत धावलो, सगळं कबूल केलं. साहेब वयाने पोरासारखा, पण शांत. म्हणाला, आजोबा, मुलाला मागे घ्यावं म्हणून रोज दहा बाप येतात, प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. नकाशावर मोजणारा म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांची सही आणा, मग बघू.

तो कागद सोबत जोडलाय. मी मोजलं नाही, त्याने मोजलं, एवढंच त्यात आहे. खाली सही कर. आज गुरुवार. पोराच्या तुकडीकडे तार घेत नाहीत, तुमच्या बाजूचे फोन बंद, गाड्या फक्त सैन्याच्या. मला दोनदा फलाटावरून परत पाठवलं. टपालवाला म्हणाला, आठ दिवस तरी धरा. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. हे मला कळतंय. हिला अजून काही कळलेलं नाही, ती आत त्याच्यासाठी मोजे विणतेय. तरीही सही कर, त्या शेतातून आणखी कुणाची तरी पोरं जायचीच आहेत. मला माफ करू नकोस, ते मी मागतच नाही. फक्त या खेपेला कुणी तुला सांगितलं की पावसाने सरकला, तर त्याला खरं काय ते सांग.

तुझाच,
बुटक्या