बाळंतिणीच्या डोक्यावर गार पाणी

लुंगथाम गाव, शुनतक
थंड दवाचा पंधरवडा, १९८६

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? हवा कोरडी झाली आहे, नासपती उकडून खात जा. घसा ओला राहील.

आज पहाटे बाबांच्या छोट्या खलाचा आवाज ऐकू आला. ते जर्दाळूच्या बिया कुटायचे तो, बारीक आणि भरभर, टकटकटक. त्या ठेक्यावर मी शाळेच्या कविता पाठ करायचो आणि तू चुलीपाशी बसून माझ्या चुका काढायचीस. डोळे मिटूनच मी एक ओळ म्हटलीसुद्धा. मग नीट जाग आली. खल नव्हता. माझ्या लाय-सिमचे दात वाजत होते.

लाय-सिम माझी मुलगी. तू तिला कधी पाहिलेलं नाहीस.

काढ्यांचं दुकान ठीक चाललं आहे. लोक रात्री तळलेलं खातात, सकाळी तोंड आलं म्हणून माझ्याकडे येतात आणि कडू काढा पिताना मलाच शिव्या देतात. भिंतीवर बाबांच्या हातची पाटी तशीच आहे: उष्ण वाढलं तर थंड द्या, थंड वाढलं तर उष्ण द्या, यिन आणि यांग सारखे राहिले की माणूस राहतो. माझं अक्षर वाकडं दिसेल. हात भाजले आहेत. त्याचं पुढे सांगतो.

लाय-सिमला मुलगी झाली. बाळंतपणाचा महिना अजून पुरा व्हायचा आहे. बाळंतीण म्हणजे सगळी ऊब सांडून रिकामी झालेली हंडी. गार पाण्याला हात नाही, केस धुणं नाही, दाराच्या फटीतला वाराही नाही. हे तुला मी काय सांगू? पण सांगतो, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

परवा संध्याकाळी बाळ रडत होतं. जावई, पाकहुंग, भाताची दारू पिऊन आला. कसलं बाळ रडवतेस म्हणून त्याने तिला लाथ घातली. ती उलटून बोलली. तर म्हणाला, "फार आग आहे तुझ्या अंगात. विझवतो." आणि विहिरीची बादली तिच्या डोक्यावर रिकामी केली. मग दुसरी भरून आणली. विहीणबाई बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या होत्या.

तो मारतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेजारच्या लुककाकू मला म्हणायच्या, यकृतात आग आहे हो त्याच्या, मूग द्या, कारलं द्या. पण परवा त्याच लुककाकू तळ्याच्या बांधावर उभ्या राहून थुंकल्या. "मारलं तर मारलं, बाई. पण पाणी?"

लाय-सिम ओल्या केसांनी, बाळ घेऊन, माशांच्या तळ्यांमधून चालत आली. महिन्यातली बाई माहेरी आली की घर बुडतं म्हणतात. मी दार सताड उघडलं. बुडू दे.

काल सकाळी तो आला. ताई, मी भांडखोर माणूस नाही. मी त्याला स्टूल दिलं आणि, सवय बघ, वाटीभर शेवंतीचा काढा पुढे केला. त्याने वाटी माझ्या तोंडावर मारली. पुढचा दात तुटला. "चल ऊठ," तिला म्हणाला, "दोन बादल्यांनी कुणी मरत नाही." आणि तिच्या केसांना धरून तिला ओढायला लागला. ती उंबऱ्याला धरून होती. त्याने तिच्या बोटांवर टाच ठेवली. बोट मोडल्याचं मी कानांनी ऐकलं.

चुलीवर तिच्यासाठी हंडी रटरटत होती. काळा सिरका, आलं, डुकराचे पाय, अंडी. तिच्या हाडांत शिरलेली थंडी काढायला पहाटेपासून ठेवली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या मानेवर उपडी केली.

डुक्कर कापताना असं ओरडत नाही. सदरा पाठीला चिकटला. त्याने तो ओढून काढला तेव्हा सदऱ्याबरोबर कातडीही आली. अंडी फरशीवर घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. त्याला बघून मला बरं वाटलं, ताई. आयुष्यभर समतोल विकला आणि बरं वाटलं ते त्या एका क्षणी.

"भावांना घेऊन येतो," जाताना तो म्हणाला. "म्हाताऱ्या, तुझ्याच हंडीत तुला शिजवतो." तिघे भाऊ आहेत, कावडीच्या दांड्या घेऊन येतील. लुककाकू मला समजावून गेल्या की चुकलंच तुमचं, आधीच आग होती, वरून आग ओतलीत. मी मान डोलावली.

ताई, तू नवऱ्याच्या माराने सुजलेली मान घेऊन माहेरी आलीस, त्या दिवशी बाबांनी तुझ्या हातात शेवंतीची पुडी दिली होती. नवऱ्याला पाजत जा म्हणाले. तू ती पुडी तळ्यात फेकलीस आणि नवऱ्याकडेही गेली नाहीस, आमच्याकडेही आली नाहीस. स्वतःचे केस स्वतः विंचरून लग्नाला नाही म्हणणाऱ्या बायकांच्या नदीपलीकडच्या घरी जाऊन राहिलीस. त्या घराचा उंबरा आजवर कुठल्या जावयाने ओलांडला नाही, असं ऐकतो. लाय-सिमला तिथे जागा होईल का, हे विचारायला हे पत्र. पण महिन्यातल्या बाळंतिणीला नदीच्या वाऱ्यात कसं काढू? आमच्या शाळेच्या कवितांमध्ये नावेत नेहमी चांदणं असायचं, ताई. बाळंतीण कधीच नसायची.

दार वाजतंय. थांब.

मी लोखंडी बत्ता घेऊन दार उघडलं. बाहेर विहीणबाई. एकट्या. काखेत गोधडीच्या जाडीचं निळं फडकं, हातात गरम हंडी.

"बत्ता खाली ठेवा, व्याहीबुवा. हात भाजलेत तुमचे." त्यांनी हंडी टेकवली. आलं आणि सिरका, भरून आणलेली. "पोरं जेवून निघणार आहेत. मी दुप्पट भात वाढून आले, म्हणजे हळू चालतील. माझ्या भावाची नाव घाटावर लावलीय."

मी म्हणालो, बाळंतिणीला वारा लागेल.

"वाऱ्यावर औषध आहे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकावर आहे का?"

मग त्यांनी लाय-सिमच्या डोक्याला फडकं बांधलं, कानांवरून, घट्ट.

म्हणून हे पत्र टपालाने येणार नाही. मी इथेच आहे, दुकान उघडं ठेवून. दुसरी हंडी चुलीवर चढवली आहे. तिच्या केसांच्या मुळाशी गारवा अजून आहे, विस्तवापाशी बसवून तुझ्या हाताने ते शेक.

तू दार उघडशील तेव्हा निळं फडकं बांधून, बाळ घेऊन जी उभी असेल, ती लाय-सिम. आधी तिला आत घे, दार लाव, मग हे वाच.

पुडी न बांधलेला,
तुझा धाकटा
वाई-मान