कानशीचे ओरखडे

मंगळवार, रात्र

आज अण्णांच्या जुन्या बुलेटचा कार्बोरेटर काढला. गाडी अजून जोरात पळवायला त्याच काळातला मोठा कार्बोरेटर परभणीच्या भंगारातून शोधून आणलाय. नवा माल त्या गाडीला शोभत नाही. तो बसावा म्हणून इंजिनाकडे जाणारं भोक कानशीनं घासून मोठं करायचं होतं. पाहतो तर ते आधीच मोठं! आत कानशीचे जुने ओरखडे. कोणी घासलं असेल?

जन्मभर मला "हळू चालीव" म्हणणाऱ्या अण्णांनाच विचारलं. "कंपनीचंच असंल," म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. कंपनी असं वेडंवाकडं घासते होय?

मग आईला विचारलं. ती लाजली. खरंच लाजली! "बोरीच्या रस्त्यानं हे लय पळवायचे. मागं बसून मीच म्हणायचे, अजून पळवा. तू झालास, तवा मोठा काढून बारका बसवला यांनी."

ते ओरखडे काही डोळ्यांसमोरून हलेनात.

जेवताना अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, "माझा मोठा कार्बोरेटर लोखंडी पेटीत हाय, तुझ्या झबल्यात गुंडाळलेला. बसवायचा तर तो बसव."