चुन्याखालचं साल

बाबा,

आज १२ जानेवारी. सकाळच्या एसटीने सिंदेवाहीहून निघाले, फाट्यावर उतरून बंगल्यापर्यंत चालत गेले, तीनच्या गाडीने परत आले. सोबत डबा, पाण्याची बाटली, थोडा काथ्या आणि एक लाकडी पट्टी होती.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. मालगुजारांची घरं, गोंडांच्या काळातल्या विहिरी, तलावाच्या पाळीवरचे कोरीव दगड असं पाहत फिरते. लोक मान म्हणून वाकडं बोट करून दाखवतात, मी लिहून घेते. यादीत जंगल खात्याचा तो बंगलाही मला घ्यायचा आहे, जिथे तुम्ही चौकीदार होतात, साहेबांचा स्वयंपाकही करत होतात. या महिन्यात तो पाडणार आहेत. यादीत आला तर पाडणं थांबेल, पण त्यासाठी बांधल्याचं साल पुराव्यानिशी लागतं. खात्याच्या दप्तरात तसा कागदच सापडला नाही आणि यादी उद्या द्यायची आहे. कुठे पाहायचं ते मला ठाऊक होतं, तरी मी महिनाभर टाळत राहिले.

डोळ्यांसमोर येतं ते असं: मी सात-आठ वर्षांची आहे. व्हरांड्यात मोठ्या दाराच्या डाव्या अंगाला खिळ्याने चुना खरवडते आहे, कारण तिथे हात फिरवला की बोटांना काहीतरी लागतं. तुम्ही स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी धावत येता.

“तिथी हात नोको लावू.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? नोको म्हटलं नं!”

तुम्ही एरवी कधी ओरडत नव्हतात, म्हणून ते लक्षात राहिलं. दिवाळीआधी चुना लावताना सगळ्या बंगल्याला एक हात असायचा आणि त्या जागेला तीन. आई चिडवायची, “त्या भितीचं लगन आहे का जी? तिलेच एवढी हळद लावून राह्यले.” तुम्ही हसायचात आणि कुंचला पुन्हा चुन्यात बुडवायचात.

आणखी एक दिवस आठवतो, तो मात्र मला आत्ता कळायला लागला आहे. चंद्रपूरहून साहेब आले होते. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते. जेवताना ते म्हणाले की जुने झालेले बंगले आता खात्याच्या वहीतून कमी करायचे आहेत. पलीकडच्या गावचा पाडला, तिथे दगडावर सालच होतं, मोजायला सोपं गेलं. मग त्यांनी विचारलं, “हा किती जुना असेल रे?” तुम्ही त्यांच्या ताटात रस्सा वाढत होतात. म्हणालात, “माह्या आधीपासून आहे, सायेब.” आणि पोळी आणायला वळलात. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण बंगला गेला असता तर मागची खोलीही गेली असती, जिथे आपण राहत होतो. तुम्ही वाचवत होतात ते काय, बंगला की आपली खोली? की अशी वाटणी तुमच्या मनात नव्हतीच?

आज पाणी मारून पट्टीने तिथला चुना हळूहळू काढत होते. नव्या विश्रामगृहाचा चौकीदार येऊन उभा राहिला. “बाई, बंगला पाडून राह्यले, अन् तुम्ही भित धुऊन राह्यल्या?”

“याचं वय पाहून राह्यली.”

“म्हातारीले वय इचारलं तं ते खरं सांगते का जी?” असं म्हणून तो हसत गेला. थोड्या वेळाने स्वतःच एक बादली पाणी आणून ठेवली.

चुन्याचे पापुद्रे निघत होते, पांढरे, मध्ये मध्ये निळसर. नीळ जास्त पडली की आई बोलायची ती वर्षं असतील. मी घाई केली नाही. शेवटी दगड लागला. चार आकडे, आजोबांच्या जन्माच्याही आधीचे. पायरीच्या दगडावरची नक्षी पाण्याने पार गेली आहे, पण हे आकडे काल कोरल्यासारखे आहेत. तुम्ही लपवलेत म्हणूनच ते राहिले. मी फोटो काढले, पट्टी शेजारी धरून. तेव्हा म्हातारपण दिसलं तर बंगला जाणार होता, आता दिसलं नाही तर जाईल. उलटं कधी झालं, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

अर्जात ‘साल कसे समजले’ असा एक रकाना आहे. त्यात ‘दगडावरून’ एवढंच लिहिलं. तुमचं नाव लिहून खोडलं.

एक सांगायचं राहिलं. पहिला पापुद्रा काढण्याआधी मी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्या दाराला आता फळीसुद्धा नाही, आणि मी बासष्ट वर्षांची आहे.

नखांत अजून पांढरं आहे, बोटांची टोकं चरचरताहेत. चुन्याच्या दिवसांत तुम्ही रात्री लावायचात तसं थोडं जवसाचं तेल कोमट केलं आहे. ते आता लावते.