करीमभाईने स्वतः भरलेला अर्ज

कार्तिक, मंगळवार संध्याकाळ. सोनाळा.

आज स्वतःचीच लाज वाटते. बोंडअळीने कापूस खाल्ला की नुकसानीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. शेजारच्या करीमभाईला दिसत नाही. बाकी अर्ज मोबाइल त्याला वाचून दाखवायचा, पण शेवटी चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून टाकावी लागत, तेवढ्यासाठी तो मला बोलवायचा. मी चौथी शिकलेला, पण त्याच्या घरी साहेब.

आज गेलो तर तो मोबाइलची वायर कानात घालून बसलेला.

"दादा, साइट बदलली! नव्या नियमानं आंधळ्याले बी चालली पाहिजे म्हणे. आता ते अक्षरं बोलून दाखवते. म्या अर्ज भरला बी!"

खूश व्हायचं सोडून मी काय बोललो? "मशीनचा काय भरोसा बे? चुकला असशीन. अर्ज वाया जाईन."

त्याचं तोंड उतरलं. घाबरून सगळं पुन्हा ऐकत बसला. अर्ज स्वीकारल्याचं मला पडद्यावर केव्हाच दिसलं होतं. तरी गप्प राहिलो. काऊन? ती वाकडी अक्षरं गेली म्हणून?

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "दादा, आता काम नसलं तरी येत जा."

मी नुसती मान हलवली. ती त्याला कशी दिसणार?