लॅपटॉपची खंडेनवमी

मखमलाबाद, नाशिक
६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
ज्ञानेशचा शि. सा. न. वि. वि.

चार दिवस पत्र टाळलं. तुझ्या सुरगाण्यात रेंज नसते याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. पण उद्या लहानूभाऊंची जीप तिकडे निघते आहे, आता सुटका नाही. तुझा लॅपटॉप सुरू होत नाही. म्हणजे होतो, पण अर्धवट, माझ्या शिक्षणासारखा. निळी पाटी येते, इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असतं आणि गाडी तिथेच अडते. पंधरा वेळा बंद-चालू केला.

लॅपटॉपमधल्या तुझ्या गोष्टींची दुसरी प्रत काढायला निघालो होतो, खरंच. वाटेत स्वराज भेटला, तो इगतपुरीला चालला होता. दोन दिवस तिथेच गेले. का गेले ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. परतलो तर खंडेनवमी. आईने कोयते, फवारणीचा पंप, फुलं तोलायचा काटा पूजेला मांडला होता. म्हटलं, ताईचं हत्यार का मागे राहावं? उघडूनच मांडला आणि हळदकुंकू, ओल्या अक्षता, झेंडू, सगळं मनापासून वाहिलं. आई नको नको म्हणत होती.

आता तो दुरुस्तीच्या दुकानात आहे. दुकानदार म्हणतो, आतलं सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. पूजेचं त्याला सांगितलं नाही, लाज वाटली. पुसू का ते कळव.

रागावलीस तरी लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
ज्ञानेश


सुरगाणा
८ ऑक्टोबर

चि. ज्ञानेशास,
अ. उ. आ., त्यातले दोन कमी करून.

पुसू देऊ नकोस! पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या बेचाळीस गोष्टी त्यात आहेत. दोन वर्षं गेली. सांगणाऱ्यांपैकी तिघं आता राहिली नाहीत. पंधरा तारखेला सगळं छापखान्यात द्यायचं आहे आणि दुसरी प्रत नाही. ती काढायला तुला निवडलं, हे माझं शहाणपण.

डॉक्टरला दुखणं न सांगता गोळी मागणारा तूच, ज्ञान्या. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरचं एक बटण दाबलेलं अडकलं होतं, तेव्हा अशीच पाटी यायची. अक्षता कुठे कुठे टाकल्यास ते आठव. चार्जर काढ, उलटा धर, हलकेच थोपट. आणि कृपा करून वाटेत कुणाला भेटू नकोस.

आईला सांग, मी रडले नाही.

राग आणि माया दोन्ही पाठवते आहे, जपून ठेव.

तुझी,
भाग्यश्री


मखमलाबाद
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉप दुकानातून सरळ घरी आणला. कुणाला भेटलो नाही, स्वराज हाक मारत होता तरी! उलटा करून थोपटला, तर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. वरच्या रांगेतलं एक बटण मात्र खालीच बसलेलं. आईच्या केसांतल्या पिनेने कोरलं, तेव्हा कुंकवात वाळून घट्ट झालेला तांदळाचा दाणा निघाला. बटण टुणकन वर आलं. चालू केला, आणि पाटी नाही! बेचाळीसच्या बेचाळीस गोष्टी आहेत, दोनदा मोजल्या, वाचूनही काढल्या. प्रती तीन काढल्या, एक आईच्या ताब्यात, कारण माझ्यावर माझाही भरवसा नाही.

इथवर लिहिलं आणि दारात जीप थांबली. लहानूभाऊंनी माझा पराक्रम वाटेतल्या प्रत्येक पाड्यावर सांगितलेला दिसतो. जीपमधून नवसाबाई उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील, सकाळपासून पोटात काही नाही. म्हणाल्या, त्यांनी तुला चार गोष्टी सांगितल्या होत्या. मास्तरीणबाईच्या गोष्टी मेल्या असं ऐकलं, म्हणून परत सांगायला आल्या. बाकीच्यांच्याही त्यांना येतात, गेलेल्या तिघांच्यासुद्धा. मी भरभर लिहावं, एवढीच अट.

आईने भाकरी वाढली आहे. सगळं सापडलंय, हे त्यांना सांगायला माझं तोंड उघडत नाही. लॅपटॉप मिटून ठेवला आणि वही घेतली. पहिली गोष्ट सुरू झाली आहे, ताई. ती तुझ्या बेचाळीसांत नाही.

घाईत थांबतो, माया कमी करू नकोस.

तुझा,
ज्ञानेश