खिडकीतली मुलगी

ता. ९, मंगळवार

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून फार आनंद झाला आणि तेव्हापासून पोट बिघडलं आहे. काळजी करू नकोस, माझं ते नेहमीचंच. गुडघा बरा आहे, म्हणजे डावा बरा आहे.

सत्तावीस तारखेच्या बसने निघते असं लिहिलंस, पण बस किती वाजता सुटते ते लिहिलं नाहीस. दाराजवळ बसू नकोस, ब्रेक लागला की माणूस पुढे फेकला जातो. कवळी पिशवीत ठेवू नकोस, तोंडातच असू दे, पिशव्या हरवतात.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. तीन कागद फाडले. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा आत्याबाईंना फोन करा ना." मी म्हटलं, तिला फोनवर ऐकू येत नाही, ती नुसतं हो हो म्हणते, आणि ही गोष्ट हो हो म्हणण्यासारखी नाही.

तू लिहिलंस की बसमधून उतरल्यावर घरी न जाता सरळ धक्क्यावर जायचं, तुझ्या तिकीटखिडकीत आता बसते ती मुलगी पाहायची आणि तू विणलेला स्वेटर तिला द्यायचा. "तू म्हणतोस ती काटकुळी आहे, आणि त्या खिडकीत वारा कसा झोंबतो ते मला विचार." मोरपिशी रंग, चार महिन्यांचं काम, तेही तुझ्या या डोळ्यांनी. एवढं वाचलं आणि मी चष्मा काढून बसून राहिलो.

अक्का, ती मुलगी नाही. कधी नव्हतीच, ती मी बनवली. खिडकीही नाही आणि फेरीबोटही नाही. खाडीवर पूल झाला त्याला अकरा वर्षं झाली, बोट त्याच महिन्यात बंद पडली. धक्क्याच्या जागी आता गुळगुळीत फरशी आणि कठडा आहे. लोक तिथे समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. दोर अडकवायचा लोखंडी खुंटा तेवढा ठेवला आहे, त्याला रंग दिलाय पिवळा. त्यावर बसू नये अशी पाटी लावली आहे. मी तीस वर्षं ज्या खुंट्यावर दोर फेकला त्यावर मला बसता येत नाही.

हे मी का केलं ते सांगतो. शेवटच्या फेरीला खिडकीत माणूस नव्हता, तिकिटाचं यंत्र होतं. ठरलेल्या मिनिटाला घंटा आपोआप वाजली आणि आम्ही सुटलो. धक्क्यावर एक बाई पिशवी सांभाळत धावत येत होती, ती तशीच राहिली. मला तू आठवलीस. धावतं माणूस दिसलं की तू घंटेची दोरी ओढायची नाहीस. बोट चालवणारा सारंग वरून ओरडायचा, "बाईसाहेब, समुद्र आटेपर्यंत थांबायचं का?" आणि तू खिडकीतून म्हणायचीस, "आटला तर चालत जा!" अख्खी बोट हसायची. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. तेव्हाचं शहर तसं होतं, किंवा तू होतीस म्हणून मला ते तसं वाटायचं.

हे सगळं तुला कळवायचं म्हणून मी त्या दिवशी घरी आलो, तर तुझं पत्र येऊन पडलेलं. भाऊजी गेल्याचं. दोनच ओळी, आणि खाली विचारलं होतंस, "माझी खिडकी तरी उघडी आहे ना रे?" मला नाही म्हणवलं नाही. लिहिलं, आहे, एक मुलगी बसते, तुझ्यासारखीच घंटा अडवून धरते. पुढच्या पत्रात तू विचारलंस ती दिसते कशी. मग मी काय करणार?

एकदा बोलणं सुरू झालं की थांबायचं कुठे ते मला कधी कळलंच नाही, तुला माहीत आहे. धक्क्याजवळचा पाववाला मी एका पत्रात मारला आणि दोन पत्रांनी त्याने तुझी विचारपूस केली. तू पकडलंस मला. मी लिहिलं, मेला तो त्याचा भाऊ. त्याला भाऊ नव्हता, अक्का. तेव्हापासून वहीत टिपून ठेवायला लागलो, कोण जिवंत आहे आणि कोण नाही.

तुझ्यासाठी खोटं लिहिलं असं म्हणतोय खरा, पण ते अर्धंच आहे. पत्र लिहायला बसलो की मी बोटीवर असायचो. ओल्या दोराचा वास यायचा, कोळशाच्या वखारीपासून मिठाच्या गोदामापर्यंत सगळा किनारा नीट जागेवर असायचा. पत्र पाकिटात घातलं की परत या खुर्चीत.

काल घरात सगळं सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, "मग तो स्वेटर मी घालते. मला कुणी काटकुळी म्हणेल असं वाटतं का तुम्हाला?" आणि हसता हसता तिने डोळे पुसले. म्हणाली, "आत्याबाई येईपर्यंत थांबू नका. त्या कठड्यापाशी उभ्या राहून त्यांना कळलं, तर ते फार वाईट."

म्हणून लिहितो आहे. रागाव, पण बसच्या प्रवासात रागावू नकोस, रक्तदाब वाढेल. आधी रागाव आणि मग नीघ. किंवा येऊच नकोस असं वाटलं तर तेही मी समजेन. नाही, समजणार नाही. ये. धक्का बघायला येणार होतीस, तो नाही. तुला दाखवण्यासारखं या शहरात माझ्याजवळ काही राहिलेलं नाही. पण बस सुटायची वेळ कळव, मी तासभर आधीच थांब्यावर येऊन उभा राहीन, आणि तू उतरेपर्यंत कुणी काहीही म्हटलं तरी हलणार नाही.

अजून एक. आपली जुनी खोलीही सहा वर्षांपूर्वी पाडली. तुझी पत्रं टपालवाला ओळखीने ठेवून घेतो आणि मी दर शनिवारी जाऊन आणतो. आता तसं नको. खाली पत्ता देतो, तो खरा आहे.

तुझा,
धाकटा

इमारत सहा, चौदावा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडचं दार. पुलाच्या पलीकडे.